तात्या, तुमच्या गुडघ्यांविषयी

तात्या, तुम्हाला माती देऊन आज एकोणीस दिवस झाले आणि मी लिहायला बसलेय ती तुमच्या गुडघ्यांविषयी. हसा खुशाल. आपल्या चर्चच्या मंडळीच्या मासिकाला तुमच्यावर चार ओळी हव्या होत्या. जन्म कुठला, बाप्तिस्मा कधी झाला, मागे कोण कोण आहे. ते सगळं पाळकसाहेब लिहितील, त्यांचं अक्षरही माझ्यापेक्षा बरं आहे. मला तुमच्याशी बोलायचंय. तुम्ही समोर होतात तेव्हा जे बोलायचा धीर झाला नाही, नेमकं तेच बोलायचंय.

आमच्या कीर्तनपथकात तुम्ही आलात ते मार्थाकाकूंच्या मागोमाग. काकू इंदापूरच्या, जन्मापासून मंडळीतल्या. तुम्ही कऱ्हाटीचे. थोडी ज्वारी-बाजरी, पंधरा-वीस शेळ्या आणि तरुणपणी सात-आठ वर्षं तमाशाच्या फडात ढोलकी. लग्नानंतर कितीतरी वर्षं तुम्ही काकूंना एसटीने बारामतीला उपासनेला आणायचात आणि स्वतः फाटकाबाहेर चिंचेखाली बसून राहायचात. आत मी पेटी वाजवायचे आणि कुणी ना कुणी तबला बडवायचं. एका रविवारी तुम्ही दारात येऊन उभे राहिलात आणि म्हणालात, "बाई, राग मानू नका, पर त्यो गडी तबल्याला मारतुय. मी बसू का?" बसलात ते बसलातच. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकसाहेबांनी नवं नाव सुचवलं, तर तुमचं उत्तर तयार होतं. "किसनच ऱ्हाऊ द्या सायेब. बायकू अन् शेळ्या ह्याच नावानं वळखत्यात."

माझे वडील ख्रिस्ती कीर्तनकार. ते गेल्यावर आठ माणसांचं ते कीर्तनपथक माझ्या गळ्यात पडलं. मी शाळेत मराठी शिकवणारी बाई, त्यामुळे पथकही मी वर्गासारखंच चालवलं. वेळेवर या, शर्ट खोचा, मध्ये बोलू नका. तुम्ही माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे, पण सगळ्यांत जास्त ओरडा तुम्हीच खाल्लात.

आणि बराचसा एकाच गोष्टीसाठी. वाजवायला बसण्याआधी तुम्ही वाकायचात, जमिनीला उजव्या हाताची बोटं लावायचात आणि ती कपाळाला टेकवायचात. फडातली सवय. मी किती वेळा सांगितलं, "तात्या, आपल्यात हे चालत नाही. लोक काय म्हणतील? अजून जमिनीला नमस्कार घालतो म्हणतील." तुम्ही शांतपणे ढोलकीच्या दोऱ्या आवळत म्हणायचात, "नमस्कार न्हाय बाई. दुसऱ्याच्या घरात शिरताना आपन दारात इचारतो का न्हाय, येऊ का म्हनून? तसं इचारतो. जागा तिची हाय, नाचनार आमी." मी म्हणायचे, विचारायचंच तर देवाला विचारा. तुम्ही म्हणायचात, "देवाला इचारूनच घरनं निघालोय."

दुसरा वाद हरवलेल्या मेंढराचा. आमचं मुख्य नाटुकलं तेच होतं, कीर्तनात गुंफलेलं. शंभर मेंढरांतलं एक हरवतं आणि मेंढपाळ नव्व्याण्णव रानात सोडून त्या एकाच्या शोधात निघतो. मेंढपाळ तुम्ही आणि ढोलकीही तुमचीच. ढोलकीच्या पानावर अंगठा घासून तुम्ही त्या मेंढराचं ओरडणं असं काढायचात की भवानीनगरच्या कारखान्याच्या कॉलनीत एकदा खरीच बकरी उत्तर द्यायला लागली होती. पण तालमीत तुमचा हेका ठरलेला. "ही गोष्ट शेळ्या राखल्याल्या मान्साची न्हाय बाई. नव्व्यान्नव उघड्यावर टाकून कोन जातं?" मी चिडून म्हणायचे, "तुम्ही गेला नसता?" "मी गेलो असतो. पर मी काय शाना न्हाय." हा वाद आपण कधी मिटवलाच नाही. मिटवायचा नव्हताच बहुतेक.

मग जर्मनीचं आमंत्रण आलं. तिकडची एक मिशन संस्था देशोदेशीच्या गाण्या-नाटकाच्या पथकांना बोलावते आणि खेड्यापाड्यांतल्या चर्चमधून फिरवते. तीन आठवडे, चौदा कार्यक्रम. पासपोर्टच्या फोटोला तुम्ही टोपी काढायला तयार नव्हतात, ते आठवतंय का? काढलीत तेव्हा कपाळाचा वरचा अर्धा भाग गोरा निघाला आणि काकू तोंडाला पदर लावून हसत सुटल्या.

तिथली आमची गाडी हाना नावाची एक मुलगी चालवायची. तीच दुभाषी. माझ्या इंग्रजीचं ती जर्मन करायची आणि तुमच्या मराठीचं मी इंग्रजी. पहिल्या गावात मंचावर चढण्याआधी मी तुम्हाला बाजूला घेतलं आणि दरडावून सांगितलं, "इथे ते जमिनीचं करायचं नाही. शपथ आहे." तुम्ही मान हलवलीत. केलं नाहीत. तात्या, ती ढोलकी मी जन्मात विसरणार नाही. एक मात्रा इकडची तिकडे झाली नाही आणि तरी ती कुणीतरी दुसराच वाजवत होता. लोकांनी शिस्तीत टाळ्या वाजवल्या आणि कोट घालून घरी गेले. दुसऱ्या गावातही तेच. मी म्हटलं, थंडीने ढोलकी बसली असेल. तुम्ही म्हणालात, "ढोलकी बरी हाय. मी दार न वाजवता शिरलोय, त्याची लाज वाटती."

तिसऱ्या गावात तुमची आणि डॅनियलची सोय हिल्डाबाईंकडे होती. डॅनियल इंदापूरचा, दोन लेकरांचा बाप, आमचा झांजवाला. हिल्डाबाई पंच्याहत्तरीच्या पुढच्या, एकट्या. चर्चच्या किल्ल्या त्यांच्याकडे असायच्या. तुम्हाला जर्मन येईना, त्यांना मराठी येईना, आणि तरी दोघांच्या गप्पा काही थांबेनात. मी सकाळी आले तर त्या केस वाळवायच्या मशीनने तुमची ढोलकी शेकत होत्या आणि तुम्ही मराठीत सांगत होतात, "आजून जरा. हां, बास. करपंल न्हायतर." त्यांनी बरोबर तिथेच बंद केलं.

त्या दिवशीची चूक तुमची नव्हती. माझी होती. पहिले दोन्ही कार्यक्रम थंड गेले म्हणून मी हानाला म्हटलं, आज लोकांना आधी समजावून सांग. आमच्याकडे कीर्तनाला आलेला माणूस नुसता बसत नाही. आम्ही जे करू ते तुम्हीही करा. टाळी दिली की टाळी द्या, हात वर केले की हात वर करा. पोरीने ते नीट सांगितलं. साठ-सत्तर माणसं, बहुतेक पिकलेल्या केसांची, मन लावून ऐकत होती. आणि नेमके त्याच वेळी तुम्ही कमरेला ढोलकी बांधून पुढे आलात. माझ्याकडे एकदा बघितलंत, बाई माफ करा अशा नजरेने. वाकलात, त्या लाकडी फळीला बोटं लावलीत आणि कपाळाला टेकवलीत.

आणि सगळी सभा वाकली.

खुर्च्या करकरल्या. कुणी कमरेतून वाकलं, कुणी गुडघ्यावर आलं. एका आजोबांना वाकता येईना, तर त्यांनी काठीचं टोक जमिनीला लावलं आणि ते उचलून कपाळाला टेकवलं. हे असं होईल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. पहिल्या रांगेत हिल्डाबाई बसल्या खऱ्या खाली, पण उठता येईना. तुम्ही ढोलकीसकट खाली उतरलात, त्यांच्या काखेत हात घातलात आणि म्हणालात, "चला म्हातारे, एक, दोन, हुप्प!" त्या हसता हसता उठल्या, सगळी सभा हसली, आणि त्याच हशावर तुम्ही पहिली थाप मारलीत. तात्या, त्या दिवशी ते मेंढरू खरंच हरवलं होतं. तुम्ही खुर्च्यांच्या मधून शोधत फिरलात, ढोलकीवर ते ओरडत राहिलं, आणि सापडलं तेव्हा लोक उभे राहून रडत होते. मीही रडले. पेटीवर टिपं पडली, तुम्ही पाहिलंत आणि पाहिलं नाही असं दाखवलंत.

पुढच्या गावांत ही बातमी आधी पोचायची. आम्ही यायच्या आत लोक वाकायला तयार. मला मनातून किती बरं वाटत होतं ते मी तुम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पंचवीस वर्षांची माझी बडबड फुकट गेली असती ना!

शेवटच्या दिवशी संस्थेच्या एका साहेबांनी मला कॉफीला बोलावलं. माणूस सभ्य. त्यांनी हळूच विचारलं, ते जमिनीला हात लावणं नक्की काय आहे? कोणा दुसऱ्या धर्माचा विधी तर नाही? तात्या, मला सगळं पाठ होतं. दार, घर, येऊ का म्हणून विचारणं. दोन मिनिटांत सांगता आलं असतं, आणि त्या भल्या माणसाला ते पटलंही असतं. मी काय म्हणाले? मी म्हणाले, "त्यांची जुनी सवय आहे. अडाणी माणूस आहे. मी समज देईन."

अडाणी म्हणाले मी तुम्हाला. तुम्ही त्या वेळी बाहेर हानाला गाडीच्या टपावर सामान बांधायची आपल्याकडची गाठ शिकवत होतात.

दोन वर्षांनी पुन्हा बोलावणं आलं. पत्र प्रेमाचं होतं, फक्त खाली एक ओळ होती की कुणाचा गैरसमज होईल असं कार्यक्रमात काही नसावं. मी यादी केली आणि तुमचं नाव गाळलं. ढोलकीला डॅनियलला घेतलं. झांजेला नवीन माणूस बघितला. तुम्हाला सांगायला कऱ्हाटीला आले, अंगणात खाटेवर बसले, काकूंनी चहा दिला, आणि मी तुमच्याकडे न बघता म्हणाले, "तात्या, तिकडे जिने फार. तुमच्या गुडघ्यांना झेपायचे नाहीत."

तुम्ही एकदा गुडघ्यांकडे बघितलंत. दोन्ही. मग म्हणालात, "व्हय बाई. दुखत्यात खरं आलीकडं." आणि उठून डॅनियलसाठी ढोलकी आणायला आत गेलात. जाताना जरासे लंगडलात. मला वाटलं, बरं झालं, खरंच दुखतंय. माझं खोटं आपोआप खरं झालं म्हणून मला हलकं वाटलं. बघा, किती हलकी मी.

त्या दुसऱ्या फेरीचं मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. हिल्डाबाईंच्या गावात आम्ही चढलो तेव्हा कुणी काही सांगायच्या आधीच सभा वाकली. सगळे. काठीवाले आजोबाही. आणि वाकून आमची वाट बघत राहिले. आम्ही आठ जण मेणबत्त्यांसारखे ताठ उभे. डॅनियलने माझ्याकडे बघितलं, मी डोळ्यांनीच नको म्हटलं. लोक हळूहळू उठले, एकमेकांकडे बघत बसले, आणि आम्ही त्यांना हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली. सातांना सांभाळायला एकाला सोडून आलेली बाई पेटीवर बसून ती गोष्ट गात होती. त्या दिवशी मला तुमचा वाद कळला. नव्व्याण्णव राखणारा शहाणाच असतो, फक्त गोष्ट त्याची नसते.

नंतर हिल्डाबाई माझ्याकडे आल्या. हवेत ढोलकी वाजवून दाखवली आणि हात पसरले, कुठे आहे? मी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तोंड वाकडं केलं. त्यांच्या चेहऱ्यावर जी काळजी आली ती बघून मला खाली बघावं लागलं. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, शिवणाची टेप आणली आणि माझ्या गुडघ्याभोवती गुंडाळून माप घेतलं. तुम्ही नव्हतात, मग अंदाजाला मीच. निघायच्या दिवशी त्यांनी लोकरीच्या दोन जाडजूड पट्ट्या माझ्या हातात दिल्या, तपकिरी, वर हिरवी रेघ. तीन दिवसांत विणल्या होत्या.

आणि त्या तुम्ही वापरल्यात! बारामतीच्या एप्रिलमध्ये, पत्र्याखाली पंखे गरम हवा फेकताना, तुम्ही पायजम्यावरून लोकरीच्या पट्ट्या चढवून उपासनेला यायचात. तुमच्या काटकुळ्या पायांवरून त्या सारख्या घसरायच्या. दोन कडव्यांच्या मध्ये तुम्ही त्या वर ओढायचात. मी म्हणायचे, "तात्या, उकडत नाही का?" "आराम पडतो बाई. म्हातारीच्या हाताला गुन हाय."

मोरगावच्या बाजूला त्या वर्षी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आपला कार्यक्रम होता. मी लांबून येत होते. तुम्ही ढोलकी गळ्यात अडकवून एका उडीत ट्रॉलीवर चढलात, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. मग तुमचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि तुम्ही लंगडायला लागलात. मी जवळ येऊन म्हटलं, "तात्या, गुडघा डावा ना दुखत होता?" तुम्ही पापणी न लवता म्हणालात, "आज ह्याची पाळी हाय." मी हसले. इतकी वर्षं पोरांच्या खोट्या पोटदुख्या पकडणारी मी, मला तुमचा गुडघा पकडता आला नाही. किंवा पकडायचा नव्हता.

मातीनंतर चौथ्या दिवशी काकू बारामतीला माझ्या घरी आल्या. पिशवीतून पट्ट्या काढल्या, धुऊन घडी केलेल्या. म्हणाल्या, "बाई, ह्या तुमच्याकडं ठिवा. घरी ह्याचं काम न्हाय."

"घरात घालत नव्हते का?"

"घरात कशाला घालत्यात? त्येंच्या गुडघ्याला काय धाड भरली व्हती? जायच्या आदल्या दिशी बाभळीवर चढून शेळ्यांना पाला पाडत व्हते. ह्या फक्त रविवारच्या. फाटकाभायेर चिंचंखाली बसायचं, चढवायच्या, मंग लंगडत आत. मी म्हनायची, आवो का असं? तर म्हनायचे, बाईला कळू दिऊ नगंस. तिला वाटंल मला उमगलं."

"काय उमगलं?"

काकू पिशवीची घडी घालत होत्या. "ते काय मला सांगितलं न्हाय. तुमालाच म्हायती."

तात्या, त्या गेल्यावर मी बराच वेळ त्या पट्ट्या मांडीवर घेऊन बसले. आधी तुमचा राग आला. मग स्वतःचा. मग हसू आलं ते काही केल्या थांबेना, कारण त्या चिंचेखाली बसून उन्हाळ्यात लोकर चढवणारे तुम्ही मला दिसायला लागलात. तीन उन्हाळे! माझं खोटं उघडं पडू नये म्हणून तुम्ही तीन उन्हाळे घाम गाळलात. मी तुमच्याशी भांडले, तुम्हाला ओरडले, एकदा परदेशात तुम्हाला नाकारलं, आणि तुम्ही काय केलंत, तर दर रविवारी मला सांभाळून घेतलंत. माझ्या नशिबाला असा माणूस आला, याचा आता मला दुःखापेक्षा आनंदच जास्त होतो.

परवा तुमच्या अंगणात स्मरणाची प्रार्थना झाली. कीर्तन मी करायचं ठरलं होतं. काकूंनी अंगण सारवून घेतलं होतं, पाळकसाहेब खुर्चीवर, मंडळी सतरंज्यांवर, शेळ्या कुंपणापलीकडे. डॅनियलने तुमची ढोलकी बांधली होती. मी पेटीशी बसले नाही. मी उभी राहिले आणि म्हणाले, "सुरू करण्याआधी एक सांगायचंय. तात्यांचे गुडघे धडधाकट होते. त्यांना दुसऱ्या फेरीला मी मुद्दाम नेलं नाही. ते जमिनीला हात लावायचे, त्याची मला लाज वाटली, म्हणून. तिकडच्या साहेबांना मी त्यांना अडाणी म्हणाले. गुडघ्याचं मी खोटं सांगितलं, आणि ते मरेपर्यंत त्यांनी खरं करून दाखवलं."

एक शेळी ओरडली. काकू सतरंजीवरूनच म्हणाल्या, "बरं केलं बाई, बोललात. आता वाजवा."

मग मी वाकले. साठी उलटलेली बाई, वाकायची सवय नाही, आधी कमरेतून, मग एका गुडघ्यावर, मग दुसऱ्या. सारवलेल्या ओल्या जमिनीला बोटं लावली आणि कपाळाला टेकवली. मागून सतरंज्यांची सळसळ ऐकू आली. कोण कोण वाकलं ते मी वळून बघितलं नाही. पाळकसाहेबांची खुर्ची करकरली एवढं मात्र ऐकलं.

उठता मला आलं नाही. डॅनियलने एका बाजूने धरलं, काकूंनी दुसऱ्या. "हुप्प," काकू म्हणाल्या. बारा जिने चढल्यासारखे माझे गुडघे ठणकत होते. तसे ते जर्मनीतही ठणकत होते, दोन्ही वेळा, आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं.

पट्ट्या मी घातल्या होत्या, साडीच्या आत. जराही घसरल्या नाहीत, तात्या. माप माझंच होतं.